पोर्क रिब्स घरच्या घरी: आधी मऊ, मग खरपूस

मी पहिल्यांदा रिब्स भाजल्या तेव्हा गच्चीवर आठ माणसं जमली होती. मसाला रात्रभर मुरला होता, कोळसा लालबुंद झाला होता, आणि मी मोठ्या ऐटीत कच्च्या बरगड्या थेट निखाऱ्यांवर टाकल्या. बारा मिनिटांत बाहेरून काळ्याकुट्ट. आत मांस हाडाला असं घट्ट चिकटलेलं की दातांनी ओढावं तर मानेला हिसका बसावा. सगळे "छान झालंय हं" म्हणत पावाबरोबर कांदाच खात होते. शेवटी एका मित्राने विचारलं, "हे उसासारखं चघळून टाकायचं असतं का?"

मसाला उत्तम होता, चूक माझ्या समजुतीत होती. मऊ करणं आणि खरपूस करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारी आच एकमेकींच्या उलट असते. बरगड्यांमधलं मांस म्हणजे कोंबडीच्या छातीसारखा नुसता स्नायू नव्हे. त्यात कोलॅजन नावाची चिवट ऊती भरपूर असते. सत्तर अंशांच्या पुढे ती हळूहळू विरघळते आणि तिचं जिलेटिन होतं. ओठांना चिकटणारा तो मऊ, तुकतुकीत रस त्यातूनच येतो. पण याला वेळ लागतो. मांस आतून ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचावं लागतं, आणि तेही सावकाश. भडकलेल्या निखाऱ्यावर आतला भाग तिथवर पोहोचेपर्यंत बाहेरचा कोळसा झालेला असतो. म्हणून घरी मी हे काम दोन टप्प्यांत करतो: आधी झाकून मंद आचेवर शिजवणं, मग पंधरा-वीस मिनिटं निखारा.

मसाला मी गोव्याचा वापरतो, रेशाद. म्हापशात नोकरीनिमित्त चार वर्षं राहिलो तेव्हा घरमालकीण आंटींकडून शिकलो. त्या तो बांगड्यात भरायच्या. 'रेशाद' हे नाव पोर्तुगीजमधल्या 'भरलेला' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. पण व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरची हे त्रिकूट डुकराच्या मांसासाठी गोव्याला नवं नाही. विंदालूचं मूळ पोर्तुगीजांच्या 'कार्ने द व्हिन्या द आल्योस' या पदार्थात आहे, म्हणजे वाईन आणि लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, आणि पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात पडली. हा मसाला रिब्सना लावण्यात मी काही मोठा शोध लावलेला नाही.

खरेदी

दीड किलो घ्या. चार जणांना पोटभर होतं, कारण वजनातला बराच भाग हाडाचा असतो. माणशी ३५० ते ४०० ग्रॅम हा माझा हिशोब.

दुकानात दोन प्रकार मिळू शकतात. पाठीच्या कण्याजवळच्या, आखूड आणि जास्त वाकलेल्या त्या बेबी बॅक रिब्स. नावात 'बेबी' असलं तरी त्या पिल्लाच्या नसतात, फक्त आकाराने लहान. पोटाकडच्या, लांब, सपाट आणि जास्त चरबीच्या त्या स्पेअर रिब्स. पहिल्या लवकर शिजतात, दुसऱ्या चवीला जास्त भरतात. मी मिळाल्या तर स्पेअर रिब्सच घेतो. दोन बरगड्यांच्या मध्ये मांस किती आहे ते बघा. नुसतीच हाडं उठून दिसत असतील तर खाटकाने वरचं मांस खरवडून वेगळं विकलंय असं समजा.

आणि एक गोष्ट सुरी उचलायच्या आधीच त्याला सांगा: "तुकडे करू नका, अख्खा पट्टा द्या." आपल्याकडे रिब्स म्हटलं की रश्श्यासाठी दोन-दोन इंचांचे तुकडे करून देण्याची सवय आहे. तुकडे निखाऱ्यावर वाळून जातात आणि उलटताना जाळीतून खाली पडतात.

मांस फिकट गुलाबी ते लालसर, चरबी पांढरी आणि घट्ट, वास जवळजवळ नाही असं हवं. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, पांढरट पाणीदार फोड दिसले तर ते घेऊ नका. ती फीतकृमीच्या अळीची पिशवी असू शकते. उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकरांचं मांस स्वस्त मिळालं तरी नकोच. परवाना असलेलं, शेतावर पाळलेल्या डुकरांचं मांस विकणारं दुकान शोधा. फ्रोझन पाकीट असेल तर आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्या. ओट्यावर उन्हाळ्यात तर अजिबात नको.

पडदा सोलणं

पट्टा उलटा करा, हाडांची बाजू वर. हाडांवर एक पातळ, चकचकीत पांढरट पडदा ताणून बसवलेला दिसेल. तो तसाच ठेवला तर शिजून कागदासारखा चिवट होतो आणि मीठ-मसाला त्या बाजूने आत जात नाही.

तो काढायला धारदार सुरी लागत नाही. पट्ट्याच्या एका टोकाला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडावर, चमच्याची मागची दांडी पडद्याखाली सरकवा. थोडी वर उचलली की पडद्याचा तंबू होतो. आता त्यात बोट घाला, आणि पडदा कोरड्या कागदी रुमालाने किंवा जुन्या फडक्याने धरा. नुसत्या बोटांनी धराल तर सटकत राहील. मग सावकाश, जखमेवरची पट्टी काढावी तसा, दुसऱ्या टोकाकडे ओढा. नशीब असेल तर एका दमात निघतो आणि त्या 'सर्रर्र' आवाजाचं समाधान काही वेगळंच असतं. माझा अर्ध्या वेळा मध्येच फाटतो. फाटला तर पुढच्या हाडापासून पुन्हा सुरू करायचं. एखादा तुकडा राहिला तर राहू दे.

मीठ आधी, मसाला नंतर

आंटींचं एक वाक्य कानात बसलंय: "पयलीं मीठ, मागीर मसालो." त्याचं कारण मला पुढे कळलं. मीठ मांसात खोलवर जातं, रात्रभरात तर बरंच. पण लसूण, मिरची, मिरी, लवंग हे सगळं वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहतं, मग एक रात्र मुरवा की तीन. त्यामुळे "जितकं जास्त मुरेल तितकं चांगलं" हे रिब्सच्या बाबतीत खरं नाही. उलट व्हिनेगर फार वेळ राहिलं तर वरचा थर भुसभुशीत, खडूसारखा होतो.

मिठाचं प्रमाण मांसाच्या वजनाच्या साधारण सव्वा टक्का. दीड किलोला १८ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे तीन सपाट छोटे चमचे. वजनकाटा असेल तर वापरा, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ चमच्याने मोजलं की फसवतं. पट्टा कागदाने पुसून कोरडा करा, दोन्ही बाजूंना मीठ चोळा आणि न झाकता फ्रीजमध्ये दोन ते चार तास ठेवा. वर आधी पाणी सुटेल, मग ते परत आत शोषलं जाईल.

तोवर मसाला:

काश्मिरी मिरच्या १८-२०, बिया काढून. गोव्यात असाल तर काणकोणची खोला मिरची मिळते का बघा, रंगाला ती भारी. तिला भौगोलिक मानांकनही (जीआय) आहे.
लसणाच्या मोठ्या पाकळ्या १५.
आलं दीड इंच.
जिरं आणि काळी मिरी, प्रत्येकी एक छोटा चमचा.
लवंगा ६, दालचिनी एक इंच.
हळद अर्धा छोटा चमचा.
गूळ एक मोठा चमचा.
माडाचं व्हिनेगर १०० मिली, लागेल तसं.

मिरच्या अर्ध्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा. मग सगळं एकत्र वाटा आणि उरलेलं व्हिनेगर थोडं थोडं घालत जा. पाणी एक थेंबही नको, नाहीतर मसाला टिकत नाही आणि चवही पाणचट होते. मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरवा आणि भांड्याच्या कडा खरवडत राहा. वाटण बोटांत चोळलं तर मिरचीचं साल लागता कामा नये. जाडसर राहिलेली सालं निखाऱ्यावर सगळ्यात आधी जळतात आणि कडवट चव सोडतात. माडाचं व्हिनेगर नसेल तर उसाचं किंवा सफरचंदाचं घ्या. बाटलीतलं साधं पांढरं कृत्रिम व्हिनेगर बोचतं. तेच घ्यायचं झालं तर ७० मिलीवर थांबा आणि गूळ थोडा वाढवा.

वाटणात मीठ घालू नका. ते आधीच मांसाला लागलंय. मी दोनदा विसरलो आणि दोन्हीदा पाहुण्यांना ताकाचे ग्लासवर ग्लास दिले.

मसाला पट्ट्याला चोळा. मांसाच्या बाजूला जाड, हाडांच्या बाजूला पातळ. चोळण्याआधीच दोन मोठे चमचे वाटण लेपासाठी बाजूला काढून ठेवा, ते कच्च्या मांसाच्या हाताने हाताळू नका. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये आठ ते बारा तास. ॲल्युमिनियम किंवा तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबटामुळे धातूची चव उतरते. रात्री लावलं की दुसऱ्या दिवशी दुपारी शिजवायला घ्या.

वसईच्या ईस्ट इंडियन म्हणजे स्थानिक ख्रिस्ती घरांतला, बाटलीत भरून ठेवलेला बॉटल मसाला हाताशी असेल तर तोही चालतो. दोन मोठे चमचे मसाला, आलं-लसूण आणि थोडं व्हिनेगर एकत्र करून लावा. चव वेगळी, पद्धत तीच.

मऊ करणं

ओव्हन किंवा मोठा ओटीजी असेल तर सोपं आहे. पट्टा मावत नसेल तर मधून अर्धा करा. मांस बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि त्यावरून फॉइलचे दोन थर. फॉइल थेट मांसाला लावलं तर व्हिनेगर त्याला खातं. घडी घट्ट करा, वाफ बाहेर जायला फट नको. ट्रेवर ठेवून १५० अंशांवर बेबी बॅकला दोन तास, स्पेअर रिब्सना अडीच तास.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या. अर्धी वाटी पाणी, त्यावर रिब्स, घट्ट झाकण, झाकणावर काहीतरी जड, आणि गॅस अगदी मंद. दीड ते पावणेदोन तास. मध्ये दोन-तीनदा उलटा आणि तळ लागत नाही ना बघा.

कुकरही चालतो, पण त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून बारा मिनिटं, मग वाफ आपोआप जाऊ द्यायची. दोन मिनिटं जास्त झाली तर मांस हाडावरून गळून पडतं आणि जाळीवर ठेवायला काही उरतच नाही. "हाडावरून निसटणारं मांस" हे कौतुक म्हणून म्हटलं जातं खरं, पण ते रश्श्यासाठी ठीक. भाजलेल्या रिब्समध्ये दात लावला की मांस तेवढंच सुटावं आणि बाकीचं हाडावर राहावं.

ते झालंय हे कसं ओळखायचं? दोन हाडांच्या मधल्या मांसात टूथपिक घाला. पिकलेल्या पेरूत जावी तशी गेली पाहिजे. उकडलेल्या बटाट्यात जावी तशी गेली तर थोडं जास्त झालंय. दुसरी खूण म्हणजे हाडांची टोकं. मांस आक्रसून हाडाचं साधारण एक सेंटिमीटर टोक उघडं पडतं. थर्मामीटर असेल तर हाडाला न लावता मांसात घाला. ९० ते ९५ अंश हवेत. डुकराचं मांस आतून कच्चं राहू नये ही आपल्याकडची भीती रास्तच आहे, पण इतक्या तापमानाला त्या काळजीचा प्रश्न उरत नाही. अडचण फक्त मऊपणाची असते.

फॉइल उघडताना तोंड लांब ठेवा, वाफ भाजते. आत जमलेला रस अजिबात टाकू नका. तो वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. रिब्सही गार होऊ द्या, शक्य असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये. गार झाल्या की त्या आवळून घट्ट होतात आणि जाळीवर उलटताना मोडत नाहीत. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी इथवरचं सगळं काम उरकतं, हा वरचा फायदा.

रस थिजला की वर पांढरी चरबी तरंगते. ती काढून वेगळ्या वाटीत जपून ठेवा. खालचा लालसर, जेलीसारखा रस पातेल्यात उकळत ठेवा, त्यात दोन मोठे चमचे गूळ आणि बाजूला काढलेलं वाटण घाला. चमच्याच्या पाठीवर थर राहील इतका आटवा, शेवटी व्हिनेगरचा एक शिंतोडा. चाखून बघा. आटल्यावर खारटपणा वाढतो, तसं वाटलं तर थोडं लिंबू आणि गूळ घालून सावरा. हाच आपला लेप.

निखारे

कोळसा लोणारी घ्या, हलका आणि हातात वाजणारा. दमट कोळसा नुसता धुमसतो. पावसाळ्यात पोतं घरात कोरड्या जागी ठेवावं लागतं, हे मी एका जुलैत शिकलो. दीड-दोन किलो कोळसा या कामाला पुरतो. पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास मांसाला लागतो. सुकलेली सोडणं, करवंटीचे तुकडे किंवा तेलात बुडवलेला कागद खाली ठेवून वर कोळसा रचा आणि पंख्याने वारा घाला. वीस-पंचवीस मिनिटांनी निखाऱ्यांवर राखेचा पांढरट थर चढला की भाजायला सुरुवात करता येते. काळे कोळसे दिसत असतील तोवर थांबा.

कोळशाची शेगडी घरात किंवा बंद बाल्कनीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्ची, अंगण किंवा मोकळा व्हरांडाच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला ढकला, दुसरी बाजू रिकामी ठेवा. एकीकडे कडक आच, दुसरीकडे मंद. पहिल्या दिवशी मला फक्त एवढं माहीत असतं तरी त्या आठ जणांचं जेवण वाचलं असतं. आच बघायची तर जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. निखाऱ्यांच्या बाजूला तीन-चार आकडे मोजेपर्यंत हात काढावासा वाटला तर आच योग्य आहे.

जाळी गरम करून पुसा, तेलाचा बोळा फिरवा. रिब्स रिकाम्या बाजूला ठेवा, हाडं खाली. झाकण असलेली ग्रिल असेल तर झाका, साधी शेगडी असेल तर वर परात किंवा मोठं पातेलं पालथं घाला. निखाऱ्यांवर करवंटीचे दोन-तीन तुकडे टाका, सुगंधी धूर येतो. आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूडही चालतं. प्लायवूड किंवा रंग दिलेली फळी कधीही नको.

दहा-बारा मिनिटांत मांस आतपर्यंत गरम होतं. मग पट्टा निखाऱ्यांच्या बाजूला ओढा आणि लेप लावायला सुरुवात करा. आधी नाही. लेपातला गूळ कडक आचेवर मिनिटभरातच जळायला लागतो. लेप लावा, उलटा, एक-दीड मिनिट, परत लेप, परत उलटा. तीन-चार वेळा. दर वेळी थर जरा जाड, जरा काळसर-लाल आणि चकचकीत होत जातो. कडांना लहान बुडबुडे येतात, गूळ आणि मिरी भाजल्याचा तो वास गच्चीभर पसरतो, आणि खालच्या मजल्यावरचं कुणीतरी खिडकीतून वर बघतं.

चरबीचा थेंब पडून आग भडकली तर पाणी ओतू नका. राख उडून मांसावर बसते. पट्टा चिमट्याने रिकाम्या बाजूला सरकवा, झाकण घाला, आग आपोआप खाली बसते. मग परत आणा. माझ्या हाताला लांब चिमट्याची सवय व्हायला दोन रविवार लागले.

कोळसा जमत नसेल तर ओटीजीची वरची सळई लाल करा. २३० अंशांवर, जाळीवर, खाली ट्रे ठेवून, दोन-तीनदा लेप लावत आठ-दहा मिनिटं. धूर मिळणार नाही, बाकी ऐंशी टक्के मजा मिळते.

अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागात हे दोन्ही टप्पे एकाच भट्टीत, १०७ अंशांच्या आसपासच्या धुरात पाच-सहा तास करतात. कॅन्सस सिटीकडे गोड, घट्ट टोमॅटोचा सॉस, मेम्फिसकडे कोरडा मसाला. ती पद्धत आवडीने करणाऱ्याची आहे, तिला दिवसभर आच जपणारा माणूस आणि झाकणाची चांगली भट्टी लागते.

काढल्यावर दहा मिनिटं थांबा. मग पट्टा मांसाची बाजू खाली करून ठेवा, म्हणजे हाडं दिसतात, आणि दोन हाडांच्या मधून धारदार सुरीने एकेक बरगडी वेगळी करा. कच्च्या मांसाला वापरलेली फळी आणि सुरी इथे नको.

सोबत काकडी-कांद्याची व्हिनेगरमधली कोशिंबीर, गोव्याची पोई किंवा साधा पाव. ती जपून ठेवलेली चरबी तव्यावर टाका आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी त्यात लाल होईपर्यंत परता. हाडं उरली तर दुसऱ्या दिवशी राजमा शिजवताना त्यातच टाका. उसाचा प्रश्न विचारणारा मित्र आता फोन करून दिवस ठरवतो, आणि बटाटे त्याच्या पुढ्यात ठेवताना त्याला बजावावं लागतं की रिब्स अजून यायच्या आहेत.